दीडशे ग्रॅम

धुण्याच्या दगडावर पँट आपटली आणि खिशातून टण्णकन आवाज आला. ज्योतीने खिसे उलटे केले. ट्रकच्या चाकाचे नट निघाले, एकामागून एक, चांगले आठ.

"अवो, ह्ये काय?"

खाटेवर पडलेल्या बिभीषणने भिंतीकडे तोंड फिरवलं. मिरजगावच्या हमरस्त्यावर वजनकाट्याच्या केबिनमध्ये त्याची वीस वर्षं गेली होती. मालाखाली दगड दडवणारे, वजनाच्या वेळी पाण्याच्या टाक्या भरून आणणारे, सगळे त्याने पकडले होते. आणि आता हा पठ्ठ्या स्वतःच खिशात लोखंड भरून दवाखान्याच्या काट्यावर उभा राहिला होता.

दीड वर्षापूर्वी ज्योतीने त्याला आपली किडनी दिली होती. अंगाने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठीच्या गोळ्यांनी त्याची रोगाशी झुंजायची ताकद कमी केली आणि टीबीने डाव साधला. दोन महिने औषध घेऊनही वजन घसरतच होतं.

"त्रेचाळीस भरलं असतं," तो म्हणाला. "तू हाय खाल्ली असती. तुजी किडनी माज्यासंगं वाया जाती का काय, ह्येच भ्या वाटतं मला."

"गोळ्या वजनावर ठरत्यात, ठावं हाय ना?" ज्योतीचा आवाज चढला नाही. "जल्मभर लोकांला धरलं, आन सोता मातर चोर निगाले."

त्याच दिवशी तिने त्याला दवाखान्यात नेलं आणि आठही नट डॉक्टर पंकजा मॅडमच्या टेबलावर मांडले. बिभीषणला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम हसल्या नाहीत. "टीबीच्या गोळीने किडनीच्या गोळीचा जोर उतरतो. दोन्ही सांभाळताना आमचा जीव मेटाकुटीला येतो. तुम्हीच खोटं वजन दिलंत तर आम्ही काय करायचं?"

रक्त पुन्हा तपासलं, गोळ्या नव्याने ठरल्या. तेव्हापासून काट्यावर चढण्याआधी खिसे बाहेर काढायचे, हा ज्योतीचा नियम. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तो मुकाट्याने खिसे काढायचा. हळूहळू ताप गेला, भूक लागली, त्रेचाळीसचे अठ्ठावन्न झाले.

आणि आज मॅडमनी सांगितलं, औषध संपलं. टीबी गेला, किडनी ठणठणीत आहे.

घरी न जाता दोघं थेट वजनकाट्यावर आली. बिभीषणच्या जागी बसणारा रविराज केबिनमधून बघतच राहिला. ट्रकसाठीच्या त्या लांबरुंद लोखंडी पाटावर बिभीषण एकटाच जाऊन उभा राहिला. कुणी न सांगता त्याने दोन्ही खिसे बाहेर काढले.

"साठ!" रविराज ओरडला. हा काटा दहा-दहा किलोनेच सरकायचा.

"त्यातलं दीडशे गिराम माजं हाय," ज्योती म्हणाली.

"तेवढं ह्यो काटा धरत न्हाई," बिभीषण म्हणाला.

"नगं धरू दे. मला ठावं हाय."

"पावती काढू का, दादा?" रविराजने विचारलं. "मालकाच्या जागी कुनाचं नाव टाकू?"

"ज्योतीचं टाक."

ज्योतीने पदराने डोळे पुसले. मागे उसाचा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हर सहादेवने दोनदा हॉर्न दिला. काट्यावर उभ्या माणसाला आजवर बिभीषणच हाकलत आला होता. आज तो तसूभरही हलला नाही.

"थांब की," तो छाती भरून म्हणाला. "वजन चालू हाय."