बारा टॅपेटांचं काम

पैलवान अंगाने काडीसारखा, म्हणूनच मित्रांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं. ड्रायव्हर होण्याआधी त्याने सहा वर्षं गॅरेजमध्ये काढली होती. त्यामुळे ट्रकच्या इंजिनातून टकटक येऊ लागली, तेव्हा वरचं झाकण उघडताच दुखणं त्याच्या ध्यानात आलं. एक व्हॉल्व्ह इतरांपेक्षा कमी उचलला जात होता. व्हॉल्व्हांची उघडझाप करणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, तिथे झिजला होता. गॅरेजवाल्याने पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. पैलवान नवा कॅमशाफ्ट खांद्यावर टाकून घरी आला आणि हे काम दारातच उरकायचं, असं बायकोला सांगून मोकळा झाला.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. जन्मभर शिवणकाम केलेल्या, बोलायला एकदम मोजक्या. मुलीकडे राहायला येऊन वर्ष झालं, तरी जावयाशी बोलणं ‘जेवलात का?’च्या पुढे सरकलं नव्हतं. पैलवानही त्यांच्यासमोर अवघडून बसायचा.

शनिवारी सकाळी रेडिएटर उतरला, पुढचं झाकण निघालं. खरी मेख पुढेच होती. कॅमशाफ्टवर बारा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे छोटे पोकळ ठोकळे, टेकलेले असतात. तो ओढला की सगळे खाली. वरच्या भोकांतून टॅपेटमध्ये काठ्या घट्ट बसवून ते उचलून धरायचे, ही युक्ती त्याने गॅरेजात पाहिली होती. म्हणून त्याने घरातले पडद्यांचे दांडे कापले. बायकोने कपाळाला हात लावला. काठ्या मात्र सैल बसत होत्या.

खिडकीतून बघणाऱ्या सासूबाई बाहेर आल्या. एक काठी उचलून त्यांनी फिरवून पाहिली, आत जाऊन दोऱ्याचं रीळ आणलं आणि पायरीवर बसून एकेका टोकाला घट्ट वेढे द्यायला घेतले. आता काठ्या बुचासारख्या बसल्या. त्या वर ओढून पैलवानाने बायकोच्या केसांच्या रबरांनी जोडीजोडीने बांधल्या आणि जुना कॅमशाफ्ट हळूहळू बाहेर काढला. अकरा टॅपेट जागेवर राहिले. बारावा टणकन खाली पडला.

पैलवानाचा चेहरा उतरला. आता खालचं तेलाचं भांडं सोडवायचं, म्हणजे आणखी एक दिवस गेला. घाईघाईने त्याने कॅमशाफ्टच्या रिकाम्या भोकात बोटं कोंबली.

“हात काढ आधी,” सासूबाई म्हणाल्या. “बोटं अडकली तर ती सोडवायला दुसरा मेकॅनिक बोलवावा लागेल.”

त्या आपल्याशी एकेरीत बोलल्या, हे पैलवानाच्या लक्षात आलं. त्यांच्या स्वतःच्या आलं नाही. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक आणायला त्या आत गेल्यासुद्धा.

दोऱ्याला बांधलेला चुंबक आत सुटला. बायकोने बॅटरी धरली. दोनदा रिकामाच वर आला. तिसऱ्यांदा दोरा ताणला गेला आणि तेलाने माखलेला टॅपेट बाहेर आला. तो परत वर चढवायचा कसा, हे कोडं सासूबाईंनीच सोडवलं. वरच्या भोकातून दोरा सोडून त्यांनी त्याचं टोक कॅमशाफ्टच्या भोकातून पुढे बाहेर घेतलं, त्याला चिंधीचं बूच बांधलं, ते टॅपेटमध्ये दाबलं आणि पायजम्यात नाडी ओवावी तसा टॅपेट आत ओढून घेतला.

“आई, तुम्ही गॅरेज का नाही काढलंत?” पैलवानाने विचारलं.

“कोणी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

नवा कॅमशाफ्ट तेल चोळून दोघांनी मिळून सरकवला. त्याच्या आणि शेजारच्या गिअरावरच्या खुणा जुळल्याशा वाटल्या, पण सासूबाईंनी चष्मा लावून एक दात चुकल्याचं दाखवलं. ते खरं निघालं.

रविवारी दुपारी इंजिन दोन आचके देऊन सुरू झालं. टकटक नावालाही उरली नव्हती. पैलवान ट्रक चालवून पाहायला निघाला, तर सासूबाई चप्पल घालून तयारच होत्या. ट्रकमध्ये त्या आजवर बसल्या नव्हत्या. बायको मध्ये, त्या खिडकीशी, असे तिघे मोठ्या रस्त्याला लागले. नव्या कामाला जपत पैलवान जरा बेतानेच चालवत होता.

सासूबाईंनी बराच वेळ सहन केलं. मग समोर बोट दाखवत म्हणाल्या, “त्या सायकलवाल्याच्या मागे किती वेळ राहणार आहेस?”