चाटूनपुसून आलेले डबे

पहाटे मला घड्याळ उठवत नाही, अंगठा उठवतो. उजव्या हाताचा. पीठ मळून मळून त्याच्या बुडात काहीतरी सरकलंय. त्याने ठणकायला सुरुवात केली की समजायचं, उजाडायला आलं, उठा आणि कांदा चिरा. मग मी उठते, भिंतीला धरून गुडघे सरळ करते, आणि ओट्यावरचा दिवा लावते. घर झोपलेलं असतं. झोपू दे. त्यांना कुणीतरी झोपू द्यायला हवं ना.

डबे भरायचे तिघांचे आणि तिघांच्या तीन तऱ्हा. मुलगा बस चालवतो, त्याला साखरेचा आजार. त्याला बेताचं तेल, उकडलेलं अंडं, पालक नाहीतर फरसबी, आणि कोंड्यासकट पिठाचा पाव. तो पाव मी घरीच भाजते, अंगठा गेला तो त्यातच. सून कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते, तिला डाळ-भात आणि कोबी. नात शाळेत जाते. तिला सगळे मिरची म्हणतात, आणि ही मिरची कुणाच्या झाडाची ते शेजारणी माझ्याकडे बघून ओळखतात. तिला गाजर घातलेलं ऑम्लेट आणि मधल्या सुट्टीला खजूर-तिळाच्या वड्या. साखरेचा एक कण नाही त्यात. बाहेरचं पुडीतलं काही मी घरात येऊ देत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार मला लांबून बघून बिस्किटांचे पुडे मागे सरकवतो, असं मिरची सांगते. खोटं असेल, पण ऐकायला बरं वाटतं.

मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, घरचं कितीही खा, बाधणार नाही. बाधतं ते बाहेरचं.

आणि डब्याचा माझा एक कायदा आहे. डबा रिकामा आला पाहिजे आणि न धुता आला पाहिजे. धुतलेला डबा म्हणजे पुसलेली पाटी, तिच्यावरून काय कळणार कप्पाळ? खाल्लेला डबा वेगळाच दिसतो. त्यात बोटांच्या रेघा असतात, पावाने कड पुसल्याची खूण असते. आणि ओतून टाकलेल्या डब्यात भाजी कोपऱ्यात तशीच बसून राहिलेली असते, रुसलेल्या सवतीसारखी. सून नवी होती तेव्हा एकदा कोबी बाहेर ओतून आली होती. मी झाकण उघडलं आणि विचारलं, "कारखान्यातल्या उंदरांना आवडली का गं?" बिचारी कानापर्यंत लाल झाली. त्यानंतर या घरात एक शीत परत आलेलं नाही. संध्याकाळी तिन्ही डबे ओट्यावर ओळीने लागतात, मी एकेक झाकण उलटं करून बघते, आणि पाठीचं दुखणं जरा विसरते. दिवसभरात मला मिळणारी शाबासकी म्हणाल तर तेवढीच.

तर साखरेचं. डेपोच्या डॉक्टरने मुलाला सांगितलं होतं की पुढच्या तपासणीपर्यंत साखर खाली आली नाही तर स्टिअरिंगवरून उतरवू, गेटवर बसवू. चालवता चालवता डोळ्यांपुढे अंधारी आली तर मागे बसलेल्या माणसांचं काय? डॉक्टरचं काही चुकत नव्हतं. पण माझा मुलगा गेटवर बसून सुकेल. त्याला लहानपणापासून ताटाचं चाक करून फिरवायची सवय. आणि गेटचं एक वेळ सोडा. याच्या वडलांच्या आधी पायाचा अंगठा गेला, मग पाय, मग ते गेले. साखर घरात कशी शिरते आणि जाताना काय काय घेऊन जाते, ते मी एकदा बघितलंय. दुसऱ्यांदा बघायची माझ्यात ताकद नाही.

म्हणून मी जीव तोडून रांधलं. तेल चमच्याने घातलं, आयुष्यात पहिल्यांदा. बटाटा हद्दपार केला. भोपळ्याचं सूप केलं, मोड आलेले मूग केले. डबा रोज लख्ख यायचा.

आणि तपासणीत साखर चढलेली निघाली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मुलगा खुर्चीवर बसून बुटाची नाडी सोडत होता, नाडी केव्हाच सुटलेली होती. सून हळूच म्हणाली, "आई, पावात नक्की काय काय घालता तुम्ही?"

"विष," मी म्हटलं. "रोज चिमूटभर. अजून कुणी मेलं नाही म्हणून आश्चर्य वाटतंय का तुला?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालीस? माझ्या डब्याने साखर चढली असंच ना?"

"आई, राहू दे गं," मुलगा म्हणाला. "डॉक्टरने अजून एक संधी दिलीय. त्या वेळेस नाही उतरली तर मात्र..."

मी रात्रभर कूस बदलत राहिले. माझ्या डब्याने चढली नाही, म्हणजे हा बाहेर काहीतरी खातोय. डेपोच्या कॅन्टीनमध्ये तळलेलं मिळतं, मला ठाऊक आहे, त्याच्या शर्टाला कधीकधी वास येतो. घरात साधूसारखा पालक खायचा आणि बाहेर भजी झोडायची! चोर पकडायचा तर मुद्देमालासकट.

त्याची बस दुपारच्या शेवटी जिथून परत वळते त्या थांब्याजवळ भाजीबाजार आहे. मिरचीची शाळा तिथेच, सुनेचा कारखानाही दोन गल्ल्या पलीकडे. दोघी त्याच्याच बसने घरी येतात. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. एक भोपळा घेतला, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला झालं, आणि थांब्याच्या कोपऱ्यावर टपून उभी राहिले. भोपळा जड, पाय माझे नव्हेतच.

बस उभी होती, इंजिन बंद, दार बंद. प्रवासी बाहेर बाकावर बसलेले. पुढच्या काचेतून मुलगा दिसत होता आणि तो खात होता. मी म्हटलं, सापडला! चार पावलं पुढे गेले आणि बघते तर त्याच्या मांडीवर माझाच डबा. डबा कसला, डबे. एक मांडीवर, एक स्टिअरिंगवर टेकवलेला, एक मिरचीच्या हातात. सून पहिल्या सीटवर काचेला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

खिडकी उघडी होती. मी भिंतीसारखी उभी राहिले.

"बाबा, लवकर," मिरची म्हणत होती. "वडीचा चुरासुद्धा ठेवू नकोस. आजी झाकण उलटं करून बघते."

"अगं चावू तरी दे."

"अजून आईचा भात राहिलाय."

"आख्खा?" त्याने डबा पुढे ओढला. "तू दुपारी काही खाल्लंसच नाही का गं?"

सून डोळे न उघडता म्हणाली, "हात धुवून बसेपर्यंत भोंगा वाजला. दोन घास खाल्ले. तुम्ही संपवा ना. घरचंच तर आहे."

"बोटं फिरव बाबा," मिरची म्हणाली. "रेघा नीट दिसल्या पाहिजेत. मागच्या वेळी तू चमच्याने खाल्लंस तर आजीने मला किती प्रश्न विचारले!"

आणि माझा घोडा बोटांनी डाळ-भात निपटत होता. तोंडाला चव नाही, भूक नाही, नुसतं काम. शाळेतला गृहपाठ संपवावा तसं. सकाळी माझ्या अंगठ्यातून जे जे निघालं होतं, ते सगळं त्या एकट्या माणसाच्या पोटात चाललं होतं. पाव, अंडं, फरसबी, त्यावर सुनेचा भात, त्यावर मिरचीच्या खजुराच्या वड्या.

मी दारावर भोपळा आपटला.

तिघंही अशी दचकली की मिरचीच्या हातून झाकण पडलं. दार फुस्स करून उघडलं. मी वर चढले, एक पाय, मग दुसरा. कुणी हात द्यायला पुढे आलं नाही, इतके घाबरले होते.

"कसली पंगत चाललीय?"

"आई, तू इथे कशी?"

"भोपळा आणायला. तू हे रोज करतोस?"

"रोज नाही," मुलगा म्हणाला.

"रोज," मिरची म्हणाली. मग बापाकडे बघून, "सॉरी."

"अरे, फेकून द्यायचं! कुत्र्याला घालायचं!"

"फेकलेलं तुला कळतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "खाल्लंच पाहिजे, त्याशिवाय तुझ्यासमोर चालत नाही. ह्या दोघी पोटात ढकलून ढकलून आजारी पडायच्या. मग मी म्हटलं, आणा इकडे."

"आणि साखर? डोकं गहाण ठेवलंस का?"

"तूच म्हणतेस ना," त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला, "घरचं कितीही खा, बाधणार नाही. वडीत साखरेचा कण नाही म्हणतेस. मला वाटलं, बाधत असेल ते कॅन्टीनचं. ते तर मी केव्हाच सोडलं."

माझ्या तोंडाला शब्द मिळाला नाही असं शेजारणींनी बघितलं असतं तर साखर वाटली असती. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कुणाला?

तेवढ्यात बाकावरचा एक माणूस दारात येऊन म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, वेळ झाली, निघायचं का?"

"थांबा जरा!" मी ओरडले. "ताटावरून उठतोय तो!"

माणूस मुकाट्याने बाकावर जाऊन बसला. मी तिघांचे डबे घेतले, होते तसे बंद केले आणि सुनेच्या शेजारी बसले. घरापर्यंत ते माझ्या मांडीवर होते. भरलेला डबा परत आणताना केवढा जड लागतो, ते मला तेव्हा कळलं. मिरची मागून पुटपुटली, "आजी, भोपळा मी धरू?" मी दिला.

घरी आल्यावर मी ओट्याशी गेले नाही. टेबलाशी बसले आणि सुनेचा डबा उघडला. सून धावत आली. "आई, द्या, गरम करते."

"तुला कारखान्यात कोण गरम करून देतं?"

मी कोबीचा घास घेतला. आता एवढी वर्षं मी कोबी करतेय, पण खाल्लीय ती कायम कढईतून काढलेली, वाफ येत असलेली. ही थंडगार, पाण्यात पडलेली, तिला दिवसभर बंद ठेवल्याचा वास. भात तर असा की काचेच्या फटी बुजवाव्यात. दुसरा घास मी मुद्दाम घेतला, आणि तिसरा. खाली उतरेना.

"अशी लागते होय," मी म्हटलं.

"सकाळी चांगली असते, आई."

"सकाळी तू खातेस का? मला गोड शब्दांचा लेप लावू नकोस. तोंडाने सांगायला काय झालं होतं? एवढी वर्षं?"

सून समोर बसली. तिच्या बोटांच्या टोकांना सुईची भोकं असतात, त्या बोटांनी ती टेबलावरचा एक दाणा फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला सांगायला बळ लागतं, आई. सांगणाऱ्याचं पोट आधी भरलेलं पाहिजे."

मला हसू आलं. थकलेलं हसू, पण आलं. बाई शिकली माझ्याकडून काहीतरी.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याने उठवलं तेव्हा मी कांदा चिरला, भाज्या केल्या, आणि पातेली तशीच झाकून खुर्चीवर बसून राहिले. सगळे उठल्यावर म्हटलं, "आपापले डबे आपण भरा. पोटात जाईल तेवढंच घ्या. उरलं तर घरी आणा, पण दुसऱ्याच्या घशात घालू नका." मिरचीने दोन वड्या घेतल्या, माझ्याकडे बघितलं, एक परत ठेवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बघवत नव्हतं खरं तर.

संध्याकाळी ओट्यावर डबे आले आणि तिन्हींत काही ना काही होतं. अर्धं अंडं. फरसबी. भाताचा गोळा. मी झाकणं उलटी केली नाहीत. उरलेलं एका ताटलीत काढलं आणि गरम करून रात्री जेवले. रोज तेच माझं जेवण झालं. कोबी हळूहळू बंद केली. भाताऐवजी सुनेला पावच देते, तिला तो उभ्या उभ्या खाता येतो.

परवा तपासणी झाली. मुलगा दुपारीच घरी आला, दारातच म्हणाला, "उतरली. स्टिअरिंग राहिलं."

मी म्हटलं, "बरं." पीठ मळत होते, हात भरलेला होता, नाहीतर डोळ्यांना लावला असता.

त्याने डबा ओट्यावर ठेवला. उघडला तर अर्धा पाव आणि पालक तसाच. माझ्या जिभेवर आलंच, "काय रे, आता साखर उतरली म्हणून माझा पाव कडू झाला का?"

"नाही गं आई," तो म्हणाला. "पोट भरलं."

इतक्या वर्षांत या घरात हे वाक्य कुणी माझ्यासमोर बोललं नव्हतं.

"मग ठेव तिथे," मी म्हटलं. "मला अजून जेवायचंय."