थोरलीचा अंगठा

सकाळी सात वाजता रुग्णालयाच्या मागच्या दारावरच्या यंत्राने धाकटीला ओळखायला नकार दिला. तिने डावा अंगठा काचेवर टेकवला, तांबडा दिवा लागला आणि आतल्या बाईचा आवाज म्हणाला, ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ तिने अंगठा बाहीला पुसून पुन्हा टेकवला. आवाजाने तेच, तितक्याच गोडीने सांगितले.

मागे रांग खोळंबली होती.

“फुंकर मार गं त्याच्यावर,” वॉर्डातली एक आया म्हणाली.

“मारली.”

“मग उजवा लाव.”

“उजव्याला रेघाच राहिल्या नाहीत.”

“म्हणजे यंत्रानंच तुला अंगठा दाखवला की!”

रांग हसली. धाकटीही हसली आणि बाजूला झाली.

ती रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला होती. डाव्या अंगठ्याची पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती. चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरला तो लागला होता. जखम भरली, पण जागा गुळगुळीत, चकचकीत झाली होती. उजवा अंगठा सोड्याने आणि ब्लीचने केव्हाच झिजवून टाकला होता.

सुपरवायझरने तिचे दोन्ही हात उजेडात उलटेसुलटे करून पाहिले.

“आज माझ्या सहीनं जा आत. पण दोन महिन्यांनी नवा कंत्राटदार येतोय. यंत्रात जे दिसतील तेवढेच घेणार आहे तो.”

“पण मी तर समोर उभी आहे ना, साहेब?”

“मला दिसतेस गं. त्याला दिसायला पाहिजेस.”

धाकटी हे नाव तिला लाँड्रीतच पडले होते. मोठ्या मशीनवर दोघी असत. दुसरी तिच्याआधी आलेली, म्हणून ती थोरली. एकाच घरात दिल्यासारख्या, असे सगळे म्हणत. थोरली कमी बोलायची. घडी घालण्याआधी ती प्रत्येक चादरीच्या काठावरून अंगठा फिरवी, कारण वॉर्डातून आलेल्या चादरीत कधीकधी सुई राहिलेली असे. सापडली की ती खिडकीतल्या पत्र्याच्या झाकणात ठेवी आणि पुढची चादर घेई.

हजेरीचे यंत्र बसवले त्या दिवशी थोरलीच्या दोन्ही अंगठ्यांवर एकही रेघ नव्हती. यंत्र तिला घेईना. कारकून वैतागला, रांग ओरडू लागली. तेव्हा धाकटीने पुढे होऊन आपला उजवा अंगठा थोरलीच्या नावावर दिला आणि डावा स्वतःच्या. फोटो मात्र ज्याचा त्याचा काढला. तेव्हापासून येता-जाता धाकटी दोन्ही अंगठे लावी, उजवा थोरलीचा, डावा आपला. सुपरवायझरला ते ठाऊक होते. चादरी वेळेवर निघत होत्या, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

मागच्या वर्षी एका दुपारी थोरली डबा अर्धा टाकून उठली, हातमोजे खुंटीला अडकवले आणि गेली. परत आली नाही. खोलीवरही पोहोचली नाही. तिच्या भाच्याने पोलिसांत तक्रार दिली, त्यातून काही निघाले नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने तिला बाहेर जाताना पाहिले नव्हते, आणि दुसरे दार नव्हते. त्या संध्याकाळी धाकटी यंत्रापाशी बराच वेळ थांबली. शेवटी तिने डावा अंगठा लावला आणि घरी गेली. थोरली येईल, तिला घेऊन मग उजवा लावू, असे तिला वाटले होते.

आता कारकुनाने पडद्यात पाहत मान हलवली.

“उजवा बरा झाला तर तो तुझ्या नावावर घेता येईल. पण तो आत्ता थोरलीचा आहे. आधी तिला काढावं लागेल.”

“मग काढा की.”

“कशी काढू? ती आत आहे.”

“कुठे आत?”

“इथे, पडद्यात. मागच्या वर्षी त्या सकाळी आली, बाहेर पडलीच नाही. हजर माणसाला यंत्र काढू देत नाही.” त्याने खुर्ची मागे सरकवली. “असं कर. तुझा अंगठा नीट कर आणि तिच्या नावानं एकदा लाव. ती बाहेर पडली की मी तिला काढतो, तुला घालतो.”

दुपारच्या सुटीत ती वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेली.

“हाताला काय काय लावता?”

“पावडर लागतेच कामाची. मग वास जावा म्हणून लिंबू. खरखरीत झालं की दगडानं घासते. आणि पोरीचं एक क्रीम आहे, चेहरा उजळायचं.”

“तुमचं हाताशी काही वैर आहे का?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे सगळं बंद. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण. हात टिपायचे, चोळायचे नाहीत. आणि ओलसर असतानाच साधं मलम लावायचं, दर वेळी. कामावर आत सुती मोजे, वरून रबरी. उन्हात जाताना सनस्क्रीन. एवढंच. रोज करा आणि मध्येच नवीन काही सुरू करू नका.”

“रेघा येतील परत?”

“डाव्याच्या नाही, तिथे व्रण झालाय. उजव्याच्या येतील. वरचा थर झिजलाय, खाली आराखडा शाबूत असतो. तुम्ही छळणं थांबवलंत की त्वचा तोच ठसा परत काढते.”

“माझाच?”

डॉक्टरबाई हसल्या. “दुसऱ्या कुणाचा येणार?”



घरी बेसिनवरची फळी मुलीच्या बाटल्यांनी भरली होती. धाकटीने त्यांच्या कडेला मलमाची डबी आणि साबण ठेवला.

“एवढंसंच?” मुलीने डबी हुंगली. “ना वास, ना फेस. आई, माझ्या नुसत्या गालांना याच्या दुप्पट लागतं.”

“म्हणून तर गालांनी संप केलाय.”

“बोल, बोल. शिकलेली बाई, आणि अंगठाबहाद्दर व्हायला निघाली.”

पण आईचे हात निवळू लागले तसे मुलीच्या बाटल्या एकेक करून फळीवरून खाली गेल्या. डबी दोघींत पुरेनाशी झाली.

आधी भेगा मिटल्या. मग खाज थांबली. मग एका सकाळी मलम लावताना धाकटीला उजव्या अंगठ्यावर बारीक वळ्या दिसल्या, पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशा. तिने अंगठा खिडकीशी नेला आणि लगेच मुठीत घेतला.

हातांना पुन्हा कळू लागले होते. शिवण कळत होती, विरलेली जागा कळत होती. आणखीही एक गोष्ट कळत होती, ती तिने कुणाला सांगितली नाही. ड्रायरमधून काढून गार झालेल्या चादरींच्या थप्पीत एखादी चादर मध्येच कोमट लागे, कुणी नुकतेच तिच्यावरून उठून गेल्यासारखी. ती हात काढून घेई, पुन्हा ठेवी. चादर तेवढीच कोमट असे.

घड्या घालताना तिचा अंगठा काठावरून फिरू लागला. तिला ती सवय कधीच नव्हती. एका दुपारी तो अडला. सुई होती. ती खिडकीतल्या झाकणात ठेवायला गेली, तर झाकणात आधीच एक सुई होती. गंज नाही, धूळ नाही.

“ही कुणी ठेवली?”

“आम्ही कशाला हात लावतोय त्याला?” इस्त्रीवरची बाई म्हणाली. “तुझ्या थोरलीचं ना ते.”

नवा कंत्राटदार यायच्या आदल्या संध्याकाळी काम सुटायच्या वेळी धाकटी, कारकून आणि सुपरवायझर यंत्रापाशी जमले. धाकटीने हात धुतले, टिपले. मलम लावले नाही, काच बुळबुळीत होऊ नये म्हणून. मग उजवा अंगठा टेकवला.

हिरवा दिवा लागला. ‘धन्यवाद,’ आतला आवाज म्हणाला. पडद्यावर थोरली आली, अर्धे मिटलेले डोळे, कारकुनाने घाईत काढला होता तसाच फोटो. खाली शब्द उमटला: बाहेर.

“गेली एकदाची,” कारकून म्हणाला. “आजचा दिवस बंद झाला की सकाळी काढतो तिला. साडेसहाला ये, रांगेच्या आधी.”

“सोपं होतं की,” सुपरवायझर म्हणाला. “उगाच घाबरत होतीस.”

“घाबरत नव्हते, साहेब.” धाकटी अजून पडद्याकडे पाहत होती. फोटो गेला होता. “तिला विचारलं नाही, एवढंच वाटलं.”

सकाळी ती ठरल्या वेळी आली. हातांत घरचे सुती मोजे होते, आत मलम होते. पहारेकऱ्याने नुकतेच कुलूप काढले होते. दारात तिच्याआधी कुणी नव्हते, असे तो म्हणतो. कारकून आत गेला, पडद्यापाशी बसला आणि लगेच बाहेर आला.

“तू आत्ता अंगठा लावलास?”

तिने दोन्ही हात वर केले. मोजे तसेच होते.

“मग ती आत कशी? बाहेर पडली होती ना काल? दार उघडल्यावर आत आलीये. हे बघ, हजर.”

मागोमाग आलेला सुपरवायझर यंत्राच्या काचेपाशी वाकला. काचेवर अंगठ्याचा ठसा होता, ओलसर, ताज्या मलमाचा. त्याचा आकार पूर्ण होता, पण आत एकही रेघ नव्हती. असला अंगठा यंत्र घेत नाही. म्हणून तर पहिल्या दिवशी ते सगळे करावे लागले होते. त्याने बाहीने काच पुसली.

“पुन्हा बाहेर काढ तिला,” कारकून म्हणाला. “आत्ताच. लाव.”

धाकटीने उजवा मोजा काढला, अंगठा टिपून कोरडा केला आणि टेकवला.

तांबडा दिवा लागला. ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

तिने अंगठा उजेडात धरला. रेघा होत्या, अखंड, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तशाच. तिने पुन्हा टेकवला. आवाजाने तेच सांगितले. मागे रांग जमू लागली होती, पण या वेळी कुणी हसले नाही.

नव्या कंत्राटदाराचा माणूस नऊला आला आणि पडद्यावर दिसली तेवढी माणसे त्याने मोजून घेतली. मोठ्या मशीनवर एक बाई आहे, असे त्याने लिहिले. त्या दिवशी मोठ्या मशीनच्या बाजूला कुणी फिरकले नाही. दुपारी इस्त्रीवरच्या बाईने घड्या घातलेली थप्पी तिथून उचलली, तेव्हा ती कुणी घातली हे तिने विचारले नाही.

यादीत न आलेल्या धाकटीला पुढल्या आठवड्यात पुन्हा अंगठा लावून पाहायला बोलावले आहे. ती रोज सकाळी मागच्या दारापाशी येऊन बसते. नळावर हात धुते, टिपते आणि ओलसर आहेत तोवर मलम लावते.

थोरली आत गेल्याची नोंद आहे. बाहेर पडल्याची अजून झालेली नाही.