टोफू कुणासाठी?

तिने तेलाची बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि डोळे बारीक केले. तेल कमी झालं होतं. काल झाकण लावताना ते बाटलीवरच्या कागदाच्या वर होतं, आज पार कागदाच्या मध्यापर्यंत उतरलं होतं. बाटली काही स्वतः उठून तेल पीत नाही.

"अहो, दुपारी काही तळलंत का?"

"मी?" बाहेरच्या खोलीतून नवरा हसला. "मला गॅस पेटवता येतो हेच खूप झालं."

उत्तर जरा जास्तच पटकन आलं, असं तिला वाटलं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे. घरीही तेच, म्हणून लग्नानंतर लवकरच नवऱ्याने तिचं नाव दुर्बीण ठेवलं होतं आणि तेच पुढे सगळ्या इमारतीत रूढ झालं. त्याचं स्वतःचं इस्त्रीचं दुकान घराच्या खालीच होतं. वर यायला त्याला एक जिना पुरे. आजवर या सोयीत दुर्बिणीला काही वावगं दिसलं नव्हतं.

नवऱ्याला दूध, पनीर काही पचत नसे. त्यामुळे संध्याकाळी पनीरऐवजी सोयाबीनचा टोफू ठरलेला, तोही तिच्याच हातचा. दुसऱ्या कुणी केला की तो एक तुकडा खाऊन पोट भरल्याचं सांगायचा. या गोष्टीचा तिला मनातून फार अभिमान होता.

मधे तिच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला नवरा एकटाच गेला. "साधी गाठ आहे, औषधाने विरघळेल," असं त्याने येऊन सांगितलं आणि तिने ते मानलं. एवढी चिकित्सक बाई, पण रिपोर्ट उघडूनही पाहिला नाही. नवऱ्याच्या शब्दावर तिचा भरवसा होता. निदान ती तेलाची बाटली हातात येईपर्यंत होता.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. बर्फाच्या कप्प्यात टोफूची पिवळी पडलेली वडी निघाली, दगडासारखी. "चुकून तिकडे ठेवली गेली," नवरा म्हणाला. कॉर्नफ्लॉवरच्या डब्याचं झाकण तिरकं बसलेलं होतं. तवा तारेने घासघासून इतका चकचकीत केला होता की त्यात तोंड दिसावं. स्वतःच्या ताटाला हात न लावणाऱ्या माणसाला तवा घासायची हौस कुठून आली? कचऱ्याच्या डब्यात, अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला करपलेला चुरा सापडला. लपवणारा नवशिका होता, एवढं तिला कळलं. आणि एका संध्याकाळी कोपऱ्यावरचा औषधवाला पांढरा शर्ट नाचवत वर आला.

"वहिनी, इस्त्री करून आणलेल्या शर्टाला खाण्याचा वास येतो हो! गिऱ्हाईक मला विचारतात, आज जेवणात काय होतं?"

दुर्बिणीने शर्ट नाकाशी नेला. टोफूचा वास! हे मात्र तिच्या आकलनापलीकडचं होतं. तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. बहिणीला दुसऱ्याच्या संसारातलं सगळं लगेच कळत असे.

"ताई, कुणीतरी बाई येतेय घरी. पुरुषमाणूस स्वतःसाठी तळत बसत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

"या वयात?"

"या वयातच!"

दुर्बिणीने तिला झापलं, फोन ठेवला आणि रात्रभर कूस बदलत राहिली. शेजारी नवराही जागाच होता. तो झोपल्याचं सोंग करत होता आणि तिला ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई भेटल्या. एकट्या राहायच्या, नीटनेटक्या, हसऱ्या.

"काय, जमला का टोफू? कॉर्नफ्लॉवर लावून?" त्या बोलून गेल्या आणि लगेच ओठ चावला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"वास आला ना वरपर्यंत."

"कॉर्नफ्लॉवरला वास असतो?"

शिंपीणबाई काहीतरी पुटपुटत भरभर वर चढून गेल्या. दुर्बीण कठड्याला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांचा संसार, आणि तिच्या तव्यावर, तिच्या तेलात! नवरा दुसऱ्या बाईशी चार गोष्टी बोलला असता तर एकवेळ तिने सोडून दिलं असतं. पण दुसरीच्या हातचा टोफू त्याला गोड लागावा, हे तिला सहन होईना.

दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती दुकानातून निघाली. खाली इस्त्रीच्या दुकानाला कुलूप होतं. चपला हातात घेऊन ती जिना चढली आणि आवाज न करता किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरातून तेलाचा चरचराट येत होता. तोंडात वाक्य तयार होतं.

"कुठे आहे ती?"

नवरा दचकला. त्याच्या हातातलं उलथणं खाली पडलं. "कोण ती?"

स्वयंपाकघरात तो एकटाच होता. ओट्यावर ओळीने बशा मांडलेल्या, प्रत्येकीत टोफूची वेगळी दुर्दशा. आणि ताटात, पंच्यात गुंडाळलेल्या वडीवर, दुकानातली जड इस्त्री ठेवलेली. वडी चेपून पार रुमालाएवढी पातळ झाली होती.

"पाणी काढायचं असतं ना त्यातलं," तो ओशाळून म्हणाला. "वजन ठेवायचं म्हणतात. इस्त्री गरम आहे हे पहिल्यांदा ध्यानातच आलं नाही. मग त्याच इस्त्रीचा वास औषधवाल्याच्या शर्टाला लागला."

"आणि शिंपीणबाई?"

"त्यांना विचारलं फक्त. त्या म्हणाल्या, कॉर्नफ्लॉवर लाव. मोबाईलवर एकजण म्हणतो, आधी बर्फात घाल. दुसरा म्हणतो, मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढ. तिसरा तर गार तेलातच सोडायला सांगतो. सगळं करून पाहिलं." त्याने एक तुकडा चाखला आणि मान हलवली. "तुझ्यासारखा होत नाही."

ती हसली. एवढ्या दिवसांचं ओझं झटक्यात उतरलं. "वेडे आहात झालं! माझ्यासारखा तुम्हाला कशाला करायचाय? मी आहे की करायला."



प्रत्येक गोष्टीला ज्याच्याकडे उत्तर तयार असायचं, तो माणूस वाकून उलथणं उचलायला गेला आणि वाकलेलाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. रिपोर्ट त्याने एकट्याने का आणला, तो रात्री जागा का असायचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. गाठ साधी नव्हती. त्या क्षणी तिला मनापासून वाटलं, दाराआडून शिंपीणबाई निघाव्यात. खरंच निघाव्यात. तिने त्यांना बसायला पाट दिला असता.

तव्यावरचा तुकडा करपायला लागला. तिने गॅस बारीक केला.

"उठा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "इस्त्री काढा आधी त्याच्यावरची. पोळपाट पुरतो, तोही थोडाच वेळ. मग पुसायचा, कोरडा. जाड काप करायचे."

त्याने डोळे पुसले, पाण्याखाली उलथणं धुतलं आणि काप केले. वेडेवाकडे झाले.

"तेल तापू द्या. हं, आता ठेवा. मीठ शेवटी."

त्याने काप ठेवला आणि लगेच उलथणं खाली सरकवलं.

"अहो, ओढू नका! चिकटलेला ओढला की फाटतो. सगळी चूक तुमची इथेच होते. हात लावायचा नाही."

"किती वेळ?"

"सुटेपर्यंत. कड लाल झाली की आपणहून सुटतो."

दोघंही तव्याकडे बघत उभी राहिली. एकमेकांकडे बघायची दोघांचीही छाती होत नव्हती. त्याने घाई केलीच; काप मधोमध फाटला, अर्धा तव्याला चिकटून राहिला. सवयीने तिचा हात पुढे झाला, उलथण्यापर्यंत गेला, आणि थांबला.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले.

"दुसरा ठेवा," ती म्हणाली.