अडवलेलं निकेल

खिडकीवरचा नव्हे, मित्रांनो, मी पाणी गाळणारा एक जुना पडदा आहे. नळीत गुंडाळून बसवलेला. माझी छिद्रं डोळ्यांना दिसतही नाहीत.

नळांवर चकाकी चढवणाऱ्या कारखान्यात माझं आयुष्य गेलं. तिथल्या धुवणाच्या पाण्यात निकेल असे, चकाकी देणारा पण पोटात गेला तर विषारी धातू. विरघळलेलं निकेल इतकं बारीक, की माझ्यातूनही सहज निसटे. म्हणून माझी देखभाल करणारी कामगार अक्का आधी पाण्यात साबणासारखं द्रावण मोजून घालायची. त्याचे इवलेसे गोळे बनत, निकेल त्यांना चिकटे आणि ते गोळे माझ्यापाशी अडकत. पलीकडे नितळ पाणी जाई.

अक्का मला रोज उलट्या धारेने धुवायची. "दमलास का रे?" म्हणायची. पाहुणे पाणी बघून वाहवा करत. मी फुगून जायचो.

अडवलेलं गढूळ पाणी पिंपांत भरून बंद गाडीतून विल्हेवाटीसाठी दूर न्यायचं असे. पुढे गाडी येईनाशी झाली. पिंपं मात्र रिकामी होत राहिली.

एका सकाळी अक्काने बाटलीभर पाणी आणलं. मागच्या वस्तीतल्या विहिरीचं. तिथे तिची नणंद राहायची. अक्काने त्यात निकेलच्या चाचणीची पट्टी बुडवली. पट्टी गुलाबी झाली. पाण्यात निकेल होतं.

सुपरवायझर शेजारीच होता.

"साहेब, पिंपं भिंतीमागे ओतताय ना?"

"आपलं पाणी चोख येतंय ना? झालं तर! तपासणीवाले तेवढंच बघतात."

"आणि माझ्या नणंदेची पोरं काय पितात?"

"अक्का, नोकरी हवीय ना? मग ती बाटली ओतून टाका."

तिने ओतली नाही. वस्तीत घरोघरी जाऊन ती गुलाबी पट्टी दाखवली. लोकांनी विहिरीवर फळ्या ठोकल्या, असं कामगार कुजबुजत होते. दुसऱ्या दिवशी अक्काला फाटकातून आत घेतलं नाही. पिंपं रिकामी होतच राहिली.

नवा माणूस द्रावण अंदाजाने ओती, मला कधी धूत नसे. मी चोंदलो. मला उपसून भिंतीमागे भिरकावलं, पिंपं जिथे ओतत त्या खड्ड्याच्या काठाशी. इथे येऊन कळलं, मी विष संपवलंच नव्हतं. नुसतं गोळा करून दिलं होतं. जितकं मन लावून काम केलं, तितका हा खड्डा जहाल झाला.

मित्रांनो, माझी कीव करू नका. एखादा कारखाना आपलं पाणी स्वच्छ असल्याचं मिरवू लागला, की एवढंच विचारा, "त्यातून काढलेलं कुठे टाकलंत?" आणि सगळ्यांनी मिळून विचारा. अक्काने एकटीने विचारलं, म्हणून तिला घालवणं सोपं गेलं.