रिकामी आलेली कळशी

मित्रांनो, डिचोलीकडच्या एका देवळात काचेच्या कपाटात मी असते. मी तांब्याची जुनी कळशी. माझ्या पोटाला पोचा आहे, तो तीन पिढ्यांच्या सुनांच्या कमरेवर बसून पडलेला.

आमच्या देवीचा न्हाणाचा उत्सव बारा वर्षांनी येतो. मानकरी घरातली थोरली बाई डोंगरातल्या झरीवर मला भरते आणि वाटेत जमिनीवर न टेकवता देवळात आणते. त्या पाण्याने देवी न्हाते. तेच तीर्थ घ्यायला सिंधुदुर्गातून, बेळगावाकडून माणसं अनवाणी येतात, आणि ते मिळेपर्यंत पाण्याला शिवत नाहीत.

मग डोंगरात खाण आली. ती खोल गेली, आतलं पाणी पंपाने उपसलं गेलं. मानकरीण अनुसयाआजीच्या मुलाचे, संदीपचे, ट्रक तिथेच धावले. त्या पैशातून घरावर स्लॅब चढला. झरीकडे कोण बघतो?

यंदा आजी मला घेऊन गेली, तर झरीत सुका पाचोळा. संदीप जीपमधून पाण्याचे जार घेऊन आधीच पोचला होता.

“आये, ह्यां भर. लोक खोळंबलेत. पाणी तां पाणी. देवीक काय कळता?”

“नसात कळत. तुका कळता मां? सगळो डोंगर ट्रकात घालून न्हेलस!”

“त्याच ट्रकांनी तुझे दोळे बरे केले गो!”

“म्हणानच ह्यां दिसता माका.”

तिने मला रिकामीच कमरेवर घेतलं. इतकी हलकी मी कधीच नव्हते, तरी उतारावर ती दोनदा थांबली. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर तिने मला पालथी धरली. शेकडो ओंजळी पुढे झाल्या. थेंब पडला नाही.

तेवढ्यात संदीपने मागच्या दाराने जार आत नेले. शंख वाजला, देवी न्हाली, आणि तहानेली माणसं ते पाणी डोळ्यांना लावून प्यायली. आजी दीपस्तंभाशी सुक्या ओठांनी बसून राहिली.

म्हातारीने देवीचा अपमान केला, असं देवळाच्या कमिटीने ठरवलं आणि तिचा मान काढून घेतला. मला मात्र चिंच लावून घासलं आणि काचेमागे ठेवलं.

सहलीला येता तेव्हा तुम्ही म्हणता, “किती चकचकीत!” मित्रांनो, पाणी वाहत होतं तेव्हा मी काळीच होते. माझी निगा राखू नका. तुमच्या गावात एखादी झरी अजून जिवंत असेल, तर तिच्यापाशी जाऊन उभे राहा. तिथे ट्रक आला, तर तो कोणाचा आहे ते नीट बघा.

बहुतेक आपल्याच घरचा असतो.