शेजारचा ब्रेक

शुक्रवारी सकाळी दहाला आरटीओच्या साहेबांपुढे माझी गाडी चालवायची तपासणी होती आणि सोमवारपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. बसलं की पाय बधिर, उभं राहिलं की गुडघे कुरकुरणार, पडलं की डोक्यात चौक, सिग्नल आणि वळणं. बहीण फोनवर म्हणाली, जरा स्वस्थ बस. तिला म्हटलं, सात महिने स्वस्थच होते बाई, आणखी किती बसू?

जीबीएस म्हणतात त्या आजाराला. आधी साधा ताप, मग पायांना मुंग्या, आणि चार दिवसांत मानेखालचं सगळं गेलं. आपलंच शरीर आपल्याच नसांच्या मुळावर उठतं, असं डॉक्टर म्हणाले. मला लगेच पटलं. सासरच्या मंडळींत असले प्रकार पाहिले होते.

अठरा वर्षं मी लोकांना गाडी शिकवलीय. ड्रायव्हिंग स्कूल नवऱ्याने काढलं. तो गेल्यावर मी आणि धाकट्या दिराने चालवलं. मी त्यांना भावजी म्हणते, शिकायला येणारे मास्तर म्हणतात. मी ओरडते, ते कधीच ओरडत नाहीत. म्हणून घाबरट लोक त्यांच्या वाट्याला आणि आडमुठे माझ्या, असं आमचं ठरलेलंच होतं.

घाबरट असूनही एक बाई मात्र माझ्यासाठी अडून बसली होती. हॉस्पिटलातली सिस्टर. मी ओंडक्यासारखी पडलेले असताना दर दोन तासांनी ती मला कुशीवर वळवायची. संध्याकाळची पाळी संपल्यावर तिला बस मिळत नाही, गाडी शिकायची आहे पण छाती होत नाही, हे तिने मला किती वेळा सांगितलं असेल. घशातली नळी निघून मला बोलता यायला लागलं तेव्हा मी पहिलं वचन तिला दिलं, की तुला मीच शिकवणार. शुक्रवारी पास होऊन पुन्हा शिकवायची परवानगी मिळाली की पुढच्या सोमवारी तिचा पहिला धडा, असं आमचं पक्कं झालं होतं. काही झालं तरी मला तो सोमवार हवा होता.

गेले चार आठवडे रोज सकाळी मी चालवायचे आणि भावजी शेजारी बसायचे. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात, त्यामुळे शेजारचा दाबला की चालवणाऱ्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. तेव्हा एक बझर वाजतो. तो मीच हट्टाने बसवून घेतला होता, कारण नाहीतर लोकांना वाटतं गाडी आपणच थांबवली, आणि मग त्यांच्या अंगात येतं. या चार आठवड्यांत बझर एकदाही वाजला नव्हता. मी नुसती हरखून गेले होते.

बुधवारी सराव संपवून गाडी दारात लावली. भावजी पाणी प्यायला आत गेले आणि माझी गोळ्यांची डबी हातातून सटकून शेजारच्या सीटपुढे घरंगळली. बोटांना अजून धड पकड नाही, म्हणून वाकून चाचपडत बसले. डबी सापडली, आणि वर बघते तर बझरची वायर काढलेली. तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी, तीही अगदी नीटनेटकी गुंडाळलेली. असं काम आमच्याकडे एकच माणूस करतो.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायांना विस्तव ठेवला तरी कळत नाही, पण आग गेली खरी. पायाखालून ब्रेक निसटून खाली गेला तर धडधाकट माणसाला कळतं. मला कुठून कळणार? मी आपली समजत होते, माझाच पाय आहे.

भावजींना हाक मारली आणि सीटवर मांडी घालून बसा म्हणून सांगितलं. त्यांनी वायर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. वहिनी, संध्याकाळी निवांत बोलू, असं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, पाय वर घ्या, नाहीतर उतरा. साठीला आलेला माणूस, बूट काढून गपचूप मांडी घालून बसला.

रस्ता रिकामा होता. बेताच्या वेगाने निघाले. लॉन्ड्रीपुढे पांढरी रेषा आहे, तिथे थांबायचं ठरवलं. ब्रेक दाबला, म्हणजे दाबायचं मनात आणलं. रेषा गाडीखाली गेली आणि मग गाडी थांबली. लॉन्ड्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन रस्त्यात उतरला होता, तो बॉनेटपासून हातभर लांब उभा. त्याने शिव्या घालायला हव्या होत्या. त्याने वाकून विचारलं, बरं आहे का आता तब्येतीला? ते जास्त लागलं.

हँडब्रेक ओढला.

"आज सकाळी किती वेळा दाबलात?" मी विचारलं.

"तीनदा."

"आणि पहिल्या आठवड्यात?"

"पाय उचललाच नव्हता, वहिनी."

म्हणजे मी सुधारत होते. तेही खरंच होतं. पण शुक्रवारी तपासणीला हीच गाडी, शेजारी भावजी, आणि साहेब मागच्या सीटवर. मी पास झालेच असते. मग सोमवारी सिस्टर स्टिअरिंगवर, तिच्या शेजारी मी, आणि तिला वाचवायचा ब्रेक माझ्या या पायाखाली. मी भावजींना विचारलं, सोमवारचं काय ठरवलं होतं तुम्ही?

"तुम्ही पुन्हा उभ्या राहाव्यात, एवढंच डोक्यात होतं," ते म्हणाले. "सोमवारचं मला सुचलंच नाही."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्ही न करता मी उतरले आणि पलीकडे जाऊन बसले. गाडी त्यांनी घरी आणली.

आल्या आल्या, बूटही न काढता, आरटीओ कार्यालयाला फोन करून शुक्रवार रद्द केला. लगेच सिस्टरला लावला, नाहीतर धीर गेला असता. तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. म्हटलं, माझा पाय अजून कामाचा नाही, कधी होईल ठाऊक नाही. सोमवारपासून मास्तरांकडे शीक, माझ्यासाठी थांबू नकोस. मी दारापासून खिडकीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

"मास्तर शेजारी बसतील," ती म्हणाली. "तुम्ही मागे बसाल ना?"

"मागे बसून मी काय करू? तिथे पायाखाली काही नसतं."

"ब्रेक मला मास्तरांचा चालेल. शिकवायला तुम्ही पाहिजेत."

बसेन, म्हणाले मी. मग तिला दटावलं, की सोमवारी नऊ म्हणजे नऊ, मला उशीर चालत नाही.